डेलाइट सेव्हिंग टाइम : वर्षातून दोनदा घरातली घड्याळं बदलण्याचा खटाटोप



आपल्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला आपण हात कधी लावतो? सेल संपला तर, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत मागची जळमटं काढायला. एकदा वेळ लावली की वर्षानुवर्षं तीच चालते. पण जगात असे बरेच देश आहेत जिथे घड्याळ बिघडलेलं नसतं, सेल संपलेला नसतो, तरी वर्षातून दोनदा घरातलं प्रत्येक घड्याळ उतरवून त्याची वेळ बदलावी लागते. एकदा एक तास पुढे आणि सहा-आठ महिन्यांनी एक तास मागे. या पद्धतीला अमेरिकेत 'डेलाइट सेव्हिंग टाइम' आणि ब्रिटनमध्ये 'समर टाइम' म्हणतात. आपण तिला 'उन्हाळी वेळ' म्हणूया.

भूगोलाच्या पुस्तकात प्रमाणवेळ हा धडा आपण शिकतो, पण उन्हाळी वेळेचा उल्लेख फारसा येत नाही. आणि मग अमेरिकेतल्या मावशीचा फोन एके दिवशी अचानक तासभर लवकर येतो तेव्हा घरातले सगळे विचारतात, "असं कसं झालं?" आज त्याचं उत्तर शोधू.

नेमकं काय करतात?

अमेरिकेत मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजले की घड्याळ थेट तीनवर नेतात. म्हणजे त्या रात्री दोन ते तीन हा तास कॅलेंडरमध्ये नसतोच! तो दिवस २३ तासांचा होतो. पुढे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर आणतात. त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो आणि दिवस २५ तासांचा होतो. या तारखा २००७ पासून अशा आहेत.

युरोपात थोडं वेगळं आहे. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत आणि न्यूझीलंडमध्ये उन्हाळाच डिसेंबरात असतो, त्यामुळे तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढे आणि एप्रिलमध्ये मागे.

हा बदल मध्यरात्री बारालाच का नाही करत? विचार करा. बाराचं घड्याळ मागे घेऊन अकरा केलं तर तारीखसुद्धा कालची होईल. दोनचे एक केले तर तारीख तीच राहते. शिवाय रविवारी पहाटे बहुतेक लोक झोपलेले असतात, रस्त्यावर आणि रुळांवर वर्दळ कमी असते.

पुढे कधी आणि मागे कधी, यात तिकडच्या लोकांचाही गोंधळ होतो. म्हणून त्यांनी एक युक्ती केली आहे : 'स्प्रिंग फॉरवर्ड, फॉल बॅक'. स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतू आणि उडी मारणं सुद्धा. फॉल म्हणजे पानगळ आणि पडणं सुद्धा. वसंतात पुढे उडी, पानगळीत मागे पडायचं. आपल्याला लक्षात ठेवायला सोपं : ऊन वाढलं की पुढे, थंडी आली की मागे.

पण कशासाठी?

याचं मूळ पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे विषुववृत्तापासून जितकं दूर जाल, तितका उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांच्यातला फरक वाढत जातो.

मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये मात्र जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरातला आठ तासांपेक्षाही लहान. म्हणजे फरक जवळजवळ नऊ तासांचा!

आता लंडनचा जून महिना डोळ्यांसमोर आणा. मूळ प्रमाणवेळेप्रमाणे तिथे सूर्य पहाटे पावणेचारच्या सुमारास उगवेल आणि संध्याकाळी आठ-वीसच्या आसपास मावळेल. लोक सहा-सात वाजता उठणार. म्हणजे सकाळचे दोन-तीन तास लख्ख उजेड आणि माणसं पडदे लावून झोपलेली. घड्याळ एक तास पुढे केलं की सूर्योदय पावणेपाचला आणि सूर्यास्त नऊ-वीसला होतो. सूर्य आपल्या वेळेवरच आला, फक्त आपण सगळे एक तास लवकर उठलो. पण 'उद्यापासून सगळ्यांनी एक तास लवकर उठा' असा हुकूम काढला तर कोण ऐकणार? त्यापेक्षा घड्याळच बदललेलं सोपं.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. नावात 'सेव्हिंग' असलं तरी उजेड कुठे साठत नाही. सकाळचा एक तास उजेड कमी होतो आणि संध्याकाळी तेवढाच वाढतो. या खिशातलं त्या खिशात.

ही कल्पना कोणाची?

बऱ्याच ठिकाणी बेंजामिन फ्रँकलिनचं नाव वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. त्याने १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्रात एक थट्टेचं पत्र लिहिलं होतं, की लोक लवकर उठले तर मेणबत्त्यांचा केवढा खर्च वाचेल. घड्याळ बदलण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

घड्याळ बदलायची सूचना १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी मांडली. हे गृहस्थ टपाल खात्यात नोकरीला होते आणि त्यांना कीटक गोळा करायचा छंद होता. कामावरून सुटल्यावर उजेड मिळावा म्हणून त्यांनी चक्क दोन तासांचा बदल सुचवला. पुढे १९०७ मध्ये लंडनच्या विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने स्वतंत्रपणे एक पुस्तिका काढली. त्याचा हिशोब वेगळाच होता : एप्रिलच्या चार रविवारी २०-२० मिनिटं, अशी एकूण ८० मिनिटं घड्याळ पुढे करायचं. म्हणजे घरातली घड्याळं वर्षातून दोनदा नाही, आठदा बदलायची! ब्रिटिश संसदेने ते मान्य केलं नाही. विलेट १९१५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची कल्पना प्रत्यक्षात आली, तीही युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने ३० एप्रिल १९१६ ला घड्याळं पुढे केली, आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केलं. अमेरिकेत हे १९१८ मध्ये आलं.

शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ही पद्धत आली, असंही सांगितलं जातं. उलट आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी तिला जोरदार विरोध केला. कापलेल्या गवतावरचं दव वाळायला सूर्यच लागतो, आणि गाय घड्याळ बघून पान्हा सोडत नाही. पण दूध न्यायला येणारी गाडी मात्र घड्याळाप्रमाणे येते.

घरातला खटाटोप

मोबाइल आणि संगणक आपापली वेळ बदलून घेतात. त्यांच्यात प्रत्येक प्रदेशाचे नियम भरलेले असतात आणि ते नेटवर्ककडून अचूक वेळ घेतात. अमेरिकेत काही भिंतीवरची घड्याळंही कोलोरॅडो राज्यातल्या एका सरकारी रेडिओ केंद्राचा संदेश पकडून रात्रीत स्वतःच बदलतात. जर्मनीतही असं केंद्र आहे.

पण घर म्हणजे काही फक्त मोबाइल नाही. स्वयंपाकघरातला ओव्हन, मायक्रोवेव्ह, उशाचं गजराचं घड्याळ, मनगटी घड्याळ, गाडीतलं घड्याळ, हीटरचा टायमर, बागेला पाणी सोडणारा टायमर, कॅमेरा. मोजायला लागलात तर दहा-बारा सहज होतात, आणि प्रत्येकाची बटणं दाबायची रीत निराळी. मायक्रोवेव्हचं एक बटण धरून ठेवायचं, ओव्हनची दोन एकदम दाबायची, गाडीच्या घड्याळासाठी तर माहितीपुस्तिका शोधायची. म्हणून कितीतरी लोक गाडीतलं घड्याळ बदलतच नाहीत. सहा महिने मनातल्या मनात 'अधिक एक' करत चालवतात आणि सहा महिन्यांनी ते आपोआप बरोबर होतं!

यात गणित कसं लपलंय बघा. समजा एका डिजिटल घड्याळाला तास फक्त पुढे नेणारं बटण आहे, मागे नेणारं नाही. मार्चमध्ये ते एकदा दाबलं की काम झालं. नोव्हेंबरमध्ये एक तास मागे यायला ते किती वेळा दाबावं लागेल? घड्याळ सकाळ-संध्याकाळ वेगळी दाखवत असेल तर २४ वजा १, म्हणजे २३ वेळा. आणि नादात एकदा जास्त दाबलं गेलं तर? पुन्हा २३ वेळा!

जुन्या टोले देणाऱ्या लंबकाच्या घड्याळाची तर आणखी तऱ्हा. अशा बऱ्याच घड्याळांचे काटे उलटे फिरवले तर आतली टोल्यांची यंत्रणा बिघडू शकते. मग दोनच उपाय. एक, लंबक थांबवायचा आणि बरोबर तासाभराने पुन्हा हलवायचा. दुसरा, काटे ११ तास पुढे फिरवायचे आणि प्रत्येक तासाला थांबून टोले पूर्ण होऊ द्यायचे. दोनचे एक करायचे असतील तर तीनपासून बारापर्यंतचे ७५ आणि एकचा १, असे ७६ टोले ऐकावे लागतील. शहाणी माणसं लंबक थांबवून चहा प्यायला बसतात.

एक चांगली सवय मात्र यातून लागली आहे. अमेरिकेत अग्निशमन दलाचे लोक सांगतात, घड्याळ बदलाल त्या दिवशी घरातल्या धुराच्या अलार्मची बॅटरीही बदला. कंटाळवाण्या कामाला एक उपयोगी काम जोडून दिलं.

एक तासाने काय बिघडतं?

"एक तासच तर आहे, त्यात काय?" असं वाटेल. पण घड्याळ बदललं म्हणून शरीर बदलत नाही. आपल्या शरीराचं स्वतःचं एक घड्याळ असतं आणि ते मुख्यतः सकाळच्या उजेडावर चालतं. लहान बाळाला भूक जुन्याच वेळेला लागते. कुत्रं फिरायला जुन्याच वेळेला ओढतं. स्वीडनमधल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळ पुढे केल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके थोडे वाढलेले त्यात दिसले. झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट मत दिलं की ही बदलाबदल थांबवून वर्षभर प्रमाणवेळच ठेवावी.

रात्रपाळीच्या परिचारिकेचा विचार करा. संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी तिची बारा तासांची पाळी. मार्चच्या त्या रात्री ती ११ तासांची होते आणि नोव्हेंबरात १३ तासांची. रुग्णाला दर चार तासांनी औषध द्यायचं असेल तर घड्याळ बघून चालत नाही, मधले तास मोजावे लागतात. दीड वाजता दिलेल्या औषधाची नोंद करताना 'पहिला दीड की दुसरा दीड' हेही लिहावं लागतं. अमेरिकेतल्या अ‍ॅमट्रॅक कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या नोव्हेंबरच्या त्या रात्री मध्येच तासभर थांबवून ठेवतात. नाहीतर गाडी पुढच्या स्टेशनवर वेळेआधी पोहोचून निघून जाईल आणि प्रवासी फलाटावरच राहतील.

शाळेतल्या मुलांचाही यात संबंध आहे. तेलटंचाईच्या काळात, जानेवारी १९७४ पासून, अमेरिकेने हिवाळ्यातसुद्धा उन्हाळी वेळ चालू ठेवून पाहिली. सुरुवातीला लोकांना ते आवडलं. पण हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो, त्यात घड्याळ तासभर पुढे. मुलं काळोखात रस्त्याच्या कडेला शाळेच्या बसची वाट बघत उभी राहू लागली. पालक घाबरले, ओरड झाली आणि दोन वर्षांसाठी ठरवलेला प्रयोग त्याच वर्षी ऑक्टोबरात गुंडाळावा लागला.

मग वीज तरी वाचते का?

वाचते, पण फार थोडी. अमेरिकेत २००७ मध्ये उन्हाळी वेळ सुमारे चार आठवड्यांनी वाढवली. सरकारी ऊर्जा खात्याने हिशोब केला तेव्हा त्या वाढीव दिवसांत रोज सुमारे अर्धा टक्का वीज वाचल्याचं आढळलं. दुसरीकडे इंडियाना राज्यात २००६ मध्ये ही पद्धत राज्यभर लागू झाल्यावर संशोधकांनी घरांची वीजबिलं तपासली, तर वापर सुमारे एक टक्का वाढलेला! दिव्यांची वीज वाचली, पण लोक उकाड्याच्या वेळी घरी येऊन एसी लावू लागले. विलेटच्या काळात घरात मुख्य खर्च दिव्यांचा होता. आज तसं राहिलेलं नाही.

म्हणूनच बऱ्याच देशांनी ही पद्धत सोडली. ब्राझीलने २०१९ मध्ये, मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये. अमेरिकेत हवाई राज्य आणि जवळजवळ सगळं अ‍ॅरिझोना घड्याळ बदलतच नाहीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये लोकांचं मत मागवलं तेव्हा ४६ लाख उत्तरं आली आणि त्यातल्या ८४ टक्के लोकांनी 'ही बदलाबदल बंद करा' असं सांगितलं. २०१९ मध्ये युरोपीय संसदेनेही तसं मत दिलं. तरी ते अमलात आलं नाही.

का? कारण बदल नको यावर एकमत आहे, पण कायमची कोणती वेळ ठेवायची यावर नाही. संध्याकाळी दुकानं, खेळाची मैदानं चालवणाऱ्यांना उन्हाळी वेळ हवी. सकाळी मुलांना शाळेत पाठवणाऱ्यांना आणि डॉक्टरांना प्रमाणवेळ हवी. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायम उन्हाळी वेळेचं विधेयक मंजूर केलं, पण दुसऱ्या सभागृहात ते अडकलं. रशियाने २०११ मध्ये कायम उन्हाळी वेळ घेतली, काळोख्या सकाळींना लोक वैतागले, आणि २०१४ मध्ये कायम हिवाळी वेळेवर यावं लागलं. म्हणजे भांडण एका तासाचं नाहीच. उजेड सकाळच्या माणसांना द्यायचा की संध्याकाळच्या, याचं आहे.

आपल्याकडे कधी झालं होतं का?

हो! दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातही घड्याळं एक तास पुढे होती. घरात नव्वदीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर जरूर विचारून बघा.

त्याआधीची गंमत मुंबईची. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली, त्यामुळे मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईकरांना ते पटलं नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि महापालिका कित्येक वर्षं 'मुंबई टाइम'च पाळत राहिली. एकाच शहरात दोन वेळा! गाडी कुठल्या वेळेने सुटणार आणि कचेरी कुठल्या वेळेने उघडणार, हे विचारूनच निघावं लागे.

आज भारताला उन्हाळी वेळेची गरज नाही, कारण आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत. आपला प्रश्न वेगळा आहे. देश पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश पसरलेला, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. म्हणजे अरुणाचलात सूर्य गुजरातच्या टोकापेक्षा जवळजवळ दोन तास आधी उगवतो. आसामच्या चहामळ्यांत म्हणूनच प्रमाणवेळेच्या एक तास पुढची 'बागान वेळ' पाळण्याची रीत आहे.

परदेशातली मराठी घरं

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरात घड्याळ बदललं की आणखी एक काम निघतं : इकडचं आणि तिकडचं गणित पुन्हा मांडायचं. रविवारी सकाळी दहाला मुलगा फोन करतो, तेव्हा साताऱ्यात आजीची रात्रीची साडेआठची वेळ असते. मार्चमध्ये त्याचे दहा तसेच राहतात, पण आजीचे साडेसात होतात. ती आपली साडेआठला फोनपाशी येऊन बसते. तिला आधी सांगून ठेवलं नाही तर जीव टांगणीला लागतो तो तिचा. घड्याळ तिकडे बदललं, वाट मात्र इकडे पाहिली जाते.

संकष्टीचा चंद्रोदयही असाच. इकडच्या कॅलेंडरवरची वेळ तिकडे चालत नाही. त्या गावाची वेळ बघावी लागते आणि ती बघताना उन्हाळी तास त्यात धरलाय की नाही हेही तपासावं लागतं. नाहीतर मोदक निवून जातील आणि चंद्राचा पत्ता नसेल.

आपल्या जुन्या पद्धतीत दिवस सूर्योदयाला सुरू व्हायचा आणि तिथून ६० घटका मोजायच्या, एक घटका म्हणजे २४ मिनिटं. तिथे घड्याळ सूर्याच्या मागे चालत होतं. रेल्वे, गिरण्या, तार आल्यावर सगळ्यांचं घड्याळ एक असणं गरजेचं झालं. ते सोयीचंच आहे. पण घड्याळातली वेळ हा माणसांनी आपसात केलेला करार आहे, एवढं लक्षात ठेवा. करार बदलता येतो. मात्र तो बदलताना रात्रपाळीची परिचारिका, बसची वाट बघणारं मूल आणि फोनपाशी बसलेली आजी, यांना विचारलं होतं का, हा प्रश्न विचारायला हवा.

लक्षात ठेवा

भारत आणि न्यूयॉर्क : हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळी वेळेत साडेनऊ तास.
भारत आणि लंडन : हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळी वेळेत साडेचार तास.
दोन्हीकडे भारताचं घड्याळ पुढे असतं.

स्वाध्याय

१. पुण्यात १५ मार्चला रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये किती वाजले असतील? (सूचना : अमेरिकेत घड्याळ बदललेलं आहे, ब्रिटनमध्ये अजून नाही. उत्तर : सकाळचे ११ आणि दुपारचे ३.)

२. अमेरिकेत नोव्हेंबरच्या त्या रात्री जुळ्यांपैकी पहिलं बाळ १ वाजून ५० मिनिटांनी जन्मलं आणि दुसरं त्यानंतर १५ मिनिटांनी. दुसऱ्याच्या दाखल्यावर कोणती वेळ येईल? कागदावर मोठं कोण ठरेल? (उत्तर : १ वाजून ५ मिनिटं. कागदावर धाकटंच मोठं!)

३. तुमच्या घरात वेळ दाखवणाऱ्या वस्तू किती आहेत, मोजा. त्यातल्या किती स्वतःहून बदलतील आणि किती हाताने बदलाव्या लागतील, याचा तक्ता करा.

४. तुमच्या शाळेची वेळ उद्यापासून एक तास आधी झाली तर घरात कोणाकोणाची कामं बदलतील? आई, आजी, दूधवाला, रिक्षावाले काका, प्रत्येकाला विचारून दहा ओळी लिहा.